नगराध्यक्षांचा फलक आणि ठरावांची वही

जुन्या नगरपालिकांच्या सभागृहांत बहुधा एक लाकडी फलक टांगलेला आढळतो. त्यावर आजवरच्या अध्यक्षांची नावे आणि त्यांच्या कारकिर्दीचे 'पासून-पर्यंत' रंगवलेले असते. गावाचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक प्रथम या फलकापाशी जातो, नावे उतरवून घेतो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. स्मरणिकांतील व गौरवग्रंथांतील 'आमचे नगराध्यक्ष' ही प्रकरणे या उतरवून घेतलेल्या यादीचाच विस्तार असतात. कोणी रस्ता केला, कोणी नळयोजना आणली, कोणी वाचनालयाला जागा दिली, अशी प्रत्येक नावापुढे एक-दोन वाक्ये जोडली की झाला इतिहास.

ही पद्धत अपुरी आहे आणि ती किती अपुरी आहे हे महाडइतके दुसरे गाव क्वचितच दाखवील, असे आम्हांस वाटते. महाडच्या नगराध्यक्षपदाचा इतिहास नावांच्या यादीतून हाती लागत नाही. तो दोन ठरावांमध्ये आहे. एक ठराव जानेवारी १९२४ चा, दुसरा ४ ऑगस्ट १९२७ चा. पहिल्याने गावातील सार्वजनिक पाणी सर्वांना खुले केले, दुसऱ्याने तो निर्णय मागे घेतला. या दोहोंच्या मधल्या साडेतीन वर्षांत नगराध्यक्ष म्हणजे काय, नगरपालिका म्हणजे काय आणि 'गाव' म्हणजे कोण, हे तिन्ही प्रश्न उघडे पडले.

आधी या पदाविषयी थोडेसे. महाड हे सावित्री नदीच्या काठचे, भरतीच्या पाण्यावर गलबते वर येऊ शकत अशा खाडीच्या टोकाशी वसलेले व्यापारी गाव. घाटावरचा माल येथे उतरायचा आणि येथून समुद्राकडे जायचा. अशा पेठांच्या गावी नगरपालिका लवकर आल्या. महाडची १८६६ सालची. पोलादपूरकरांना मात्र नगरपंचायत पाहण्यास एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. तालुक्याच्या गावांना नगरपंचायती देण्याचे धोरण राज्याने २०१४ मध्ये स्वीकारले, त्यानंतरची ती गोष्ट. एकाच खोऱ्यातील, एका रस्त्यावरील दोन गावांच्या नागरी जीवनात असे दीडशे वर्षांचे अंतर आहे.

आरंभीच्या नगरपालिका लोकांच्या नव्हत्या. सरकारी अधिकारी अध्यक्ष आणि सरकारने नेमलेले प्रतिष्ठित लोक सभासद, अशी त्यांची रचना असे. लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव आणि पाठोपाठ आलेला मुंबई इलाख्याचा १८८४ चा कायदा यांनी निवडणुकीचे तत्त्व रुजविले. पुढे १९०१ च्या कायद्याने कारभाराची चौकट बसविली. मतदार म्हणजे कर भरणारे, घरे-दुकाने असलेले लोक. त्यामुळे बिगरसरकारी अध्यक्ष आला तरी तो पेठेचा अध्यक्ष असे. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा त्या निवडीत वाटा जवळजवळ नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवल्याशिवाय १९२४ च्या ठरावाचे मोल कळत नाही आणि त्याची मर्यादाही कळत नाही.

भाषेच्या अभ्यासकांनी येथे एक नोंद करावी. मुंबई-पुण्याच्या 'मेयर'ला सावरकरांनी 'महापौर' हा शब्द दिला आणि तो रूढ झाला. लहान गावांच्या वाट्याला 'नगराध्यक्ष' आला. 'महापौर' या शब्दात पौरजनांचा, म्हणजे नगरातील माणसांचा, उल्लेख आहे. 'नगराध्यक्ष' हा सभेचा अध्यक्ष: सभा बोलावणारा, विषयपत्रिका पुढे ठेवणारा, मते मोजणारा. त्याच्या अधिकाराची हद्द त्याच्या शब्दातच आखलेली आहे. तो ठराव घडवून आणू शकतो, परंतु ठराव त्याचा नसतो, सभेचा असतो.

आता त्या दोन ठरावांकडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने ही स्थाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुली असावीत, असा त्याचा आशय. सरकारने तो आपल्या खात्यांकडे व स्थानिक संस्थांकडे अंमलासाठी पाठविला. पुष्कळ संस्थांनी तो दप्तरी दाखल करून ठेवला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपल्या हद्दीतील सार्वजनिक पाणी, त्यात चवदार तळेही, सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. या काळाशी जोडलेले नाव सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस यांचे. मार्च १९२७ च्या परिषदेच्या वेळी तेच नगरपालिकेचे अध्यक्ष होते. सामाजिक समतेच्या कार्यात अनंत विनायक चित्रे यांच्यासारखे त्यांचे सहकारी होते.

परंतु ठराव झाल्यावर तळ्यावर कोण गेले? कोणीच नाही. तीन वर्षे तो ठराव वहीत राहिला. सवर्णांचा विरोध हे त्याचे उघड कारण. त्याहून कमी बोलले जाणारे कारण असे की, नगरपालिकेने ठराव केला तरी त्याच्या पाठीशी उभे राहणारी एकही यंत्रणा तिच्यापाशी नव्हती. पाणी खुले आहे हे सांगणे आणि पाणी घ्यायला आलेल्या माणसाच्या अंगावर कोणी काठी उगारली तर त्याला रोखणे, या दोन कृतींतले अंतर कागदाने भरून निघत नाही. कायदेमंडळालाही हे जाणवले असावे. ५ ऑगस्ट १९२६ रोजी तेथे पुन्हा ठराव झाला आणि अंमल न करणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान रोखावे, अशी शिफारस त्यात आली.

अंतर भरून काढले ते माणसांनी. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांच्या खटपटीतून १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. २० मार्चला परिषदेचा समुदाय रस्त्याने चालत तळ्यावर गेला आणि पाणी प्याला. नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी जे लिहिले होते तेवढेच त्या दिवशी लोकांनी केले. त्यांनी कोणताही नियम मोडला नाही; गावाच्या अधिकृत निर्णयाचा अंमल केला. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. आम्हांस येथे अधोरेखित करावयाचे आहे ते एवढेच की, नगरपालिकेचा ठराव त्या दिवशी शाबूत होता. ज्यांनी मारले ते नगरपालिकेच्या निर्णयाविरुद्ध वागत होते.

आणि मग ४ ऑगस्ट १९२७. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. त्याच तारखेस महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा निर्णय मागे घेतला. मारहाण करणाऱ्यांनी रस्त्यावर जे मिळविले होते त्याला सभागृहाने आता कागदी मान्यता दिली.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्यांना दोन कृतींची आठवण व्हावी. इब्सेनच्या 'एनिमी ऑफ द पीपल' (१८८२) या नाटकात गावाच्या स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे डॉक्टरला कळते; गावाचा महापौर, जो डॉक्टरचा सख्खा भाऊ आहे, ते सत्य दडपतो, आणि भरसभेत बहुमत डॉक्टरला लोकशत्रू ठरविते. सत्यजित राय यांनी 'गणशत्रू' (१९८९) या चित्रपटात हेच कथानक बंगालमधल्या गावात आणले आणि पाणी देवळातल्या तीर्थाचे केले. दुसरी कृती गाब्रिएल गार्सिया मार्केसची. कोलंबियातील नदीकाठच्या लहान गावांतला महापौर त्याच्या लेखनात वारंवार येतो: 'ला माला ओरा' (१९६२) या कादंबरीत तो केंद्रस्थानी आहे, आणि दाढदुखीने बेजार झालेल्या महापौराची व दंतवैद्याची त्याची छोटी कथा तर पुष्कळ अभ्यासक्रमांत असते. तेथे महापौर आणि नगरपालिका यांत भेदच उरलेला नाही. सत्ता म्हणजे तोच, हे त्या कथेचे मर्म.

महाडची गोष्ट या दोन्हींहून निराळी आहे. इब्सेनच्या गावी अध्यक्ष आणि बहुमत एका बाजूला असतात, सत्य सांगणारा एकटा पडतो. मार्केसच्या गावी बहुमताचा प्रश्नच येत नाही. महाडात परिषदेच्या वेळी अध्यक्ष सुधारणेच्या बाजूला, आणि ज्या संस्थेचा तो अध्यक्ष ती चार-साडेचार महिन्यांत मागे फिरणारी. पदावरचा माणूस आणि पद यांच्यात पडलेली ही फट एखाद्या मोठ्या कादंबरीचा विषय आहे. मराठी कादंबरीने पाटील रंगविला, सरपंच रंगविला, साखरसम्राट आणि मुख्यमंत्री रंगविले. अरुण साधूंच्या 'सिंहासन'ने मंत्रालयाचे अंतरंग दाखविले. नगराध्यक्ष मात्र बहुतांशी विनोदी कथेतच राहिला: फीत कापणारा, भाषण लांबविणारा, हारतुऱ्यांचा भुकेला. वास्तविक मराठी लेखकांना नगरपालिका परकी नव्हती. महात्मा फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, न. चिं. केळकर तिचे अध्यक्ष होते, आचार्य अत्रे तेथे निवडून गेले होते. इतका निकटचा अनुभव असूनही या पदाचे गांभीर्य आपल्या कथात्म साहित्यात उतरले नाही. तालुक्याचे गाव हे खेडेही नाही आणि शहरही नाही. ग्रामीण आणि नागर या आपल्या दोन कप्प्यांत ते बसत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. महाडच्या संग्रामात नगराध्यक्षाला इतके महत्त्व कशासाठी? तो सत्याग्रह ज्यांनी केला ते पाण्यासाठी चालत गेलेले लोक होते. सवर्ण सहानुभूतीदारांचे गोडवे पुरेसे गाऊन झालेले आहेत. हा आक्षेप आम्ही मान्य करतो आणि म्हणूनच फलकाचा इतिहास नको म्हणतो. टिपणीस यांना 'उदार नगराध्यक्ष' म्हणून एका ओळीत बसविले की दोन अन्याय होतात. पहिला, १९२४ ते १९२७ या काळात ठराव निर्जीव पडून राहिला, तो जिवंत करण्याचे श्रेय कोणाचे हे झाकले जाते. दुसरा, ऑगस्ट १९२७ चा ठराव करणारी संस्था नजरेआड होते. जणू विरोध करणारे कोणी बाहेरचे गुंड होते आणि नगरपालिका मात्र पुरोगामीच होती. टिपणीस यांचे मोठेपण दाखवायचे असेल तर ते पदाबाहेर त्यांनी काय केले यात शोधावे लागेल. ते चळवळीबरोबर राहिले, आणि १९३७ च्या निवडणुकीत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई प्रांताच्या विधानसभेवर गेले. कोकणातील खोतीविरुद्धच्या लढ्याचा तो काळ होता. पाण्याचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नापर्यंत नेणाऱ्या पक्षात गावाचा एक माजी नगराध्यक्ष असणे, ही फलकावर न मावणारी गोष्ट आहे.

ठराव मागे घेतल्यावर प्रश्न न्यायालयात गेला. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर गावातील काही सवर्णांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा मान राखून तळ्यावरील सत्याग्रह मात्र स्थगित ठेवला गेला. मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ मध्ये लागला, मग जिल्हा न्यायालय, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. पाणी पिण्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी. नगरपालिकेने एका सभेत जे मागे घेतले ते परत मिळवायला एवढा काळ लागला.

म्हणून आमचे म्हणणे असे की, नगराध्यक्षांचा इतिहास लिहिणाऱ्याने फलक सोडून ठरावांची वही उघडावी. साहित्याचा अभ्यासक या कामी इतिहासकाराहून कमी पात्र नाही. सभेचे इतिवृत्त हाही गद्याचा एक प्रकार आहे आणि त्याची स्वतःची व्याकरणाची खोड आहे: 'ठरविण्यात येत आहे', 'मंजूर करण्यात आले', 'रद्द समजण्यात यावे'. या वाक्यांतून कर्ता नाहीसा होतो. कोणी ठरविले? सभेने. सभा म्हणजे कोण? त्याचे उत्तर खाली, बारीक अक्षरांत असते: सूचक अमुक, अनुमोदक अमुक, बाजूने इतकी मते, विरुद्ध इतकी, तटस्थ इतके. कर्मणी प्रयोगामागे लपलेला कर्ता या दोन ओळींत सापडतो. सभा कधी तहकूब झाली, कोणत्या विषयाला गणपूर्ती भरली नाही, कोणता विषय पुढच्या सभेकडे ढकलला गेला, हे वाचता आले तर गावाची मनःस्थिती वाचता येते. आम्ही वर्गात अव्वल इंग्रजीतील निबंध आणि बखरी शिकवितो, त्यांच्या वाक्यरचनेची चिकित्सा करतो. आपल्याच गावच्या शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांना ती चिकित्सा लावणे हे एम. ए. च्या विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखे काम आहे.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. महाड हे पुराचे गाव आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरून घरे-दुकाने बुडाली, तेव्हा कागद किती सहज नष्ट होतो हे सर्वांनी पाहिले. नगरपालिकांचे जुने दप्तर उतरवून घेणे, त्याची छायाचित्रे काढणे, नावनिशीवार सूची करणे हे काम महाविद्यालये आणि नगरपालिका यांनी मिळून करावे. पोलादपूरच्या नगरपंचायतीचे दप्तर तर अजून कोवळे आहे. पहिल्या वर्षांपासूनचे ठराव नीट जपून ठेवण्याची संधी त्या गावाला आहे. जुन्या गावांना ती नव्हती.

आजच्या नगराध्यक्षपदाकडेही या दृष्टीने पाहता येईल. हे पद कोणी निवडायचे याविषयी महाराष्ट्राचे मत स्थिर राहिलेले नाही. २००१ मध्ये लोकांनी थेट निवडले, पुढे तो अधिकार नगरसेवकांकडे गेला, २०१६ मध्ये पुन्हा थेट निवड आली, २०२० मध्ये ती गेली, २०२२ मध्ये परत आली. मध्यंतरी काही वर्षे निवडणुकाच झाल्या नाहीत आणि प्रशासकाने कारभार पाहिला. डिसेंबर २०२५ मध्ये त्या झाल्या. या उलटापालटीचा हेतू सोयीचा असेल वा नसेल, त्यामागचा प्रश्न मात्र १९२७ चाच आहे: अध्यक्ष लोकांना उत्तरदायी की सभेला? दुसऱ्या बाजूने, घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने या पदाला आरक्षण लागू केले आणि २०११ पासून राज्यात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. ज्या सभागृहाने एका वर्गाला पाण्यापासून दूर ठेवण्याचा ठराव केला, त्याच सभागृहाच्या अध्यक्षस्थानी त्या वर्गातील स्त्री कायद्याने बसू शकते. हा बदल फलकावरील नावांतून दिसेल. त्याचा अर्थ मात्र १९२७ ची वही उघडल्यावाचून समजणार नाही.

२० मार्च २०२७ हा सत्याग्रहाचा शताब्दी दिन. त्या दिवशी चवदार तळ्यावर लोक येतील, तसे ते दरवर्षी येतात. २५ डिसेंबरलाही येतील. या दोन्ही तारखा लोकांनी जपल्या, त्यांना कोणाच्या ठरावाची गरज पडली नाही. ४ ऑगस्टची तारीख मात्र कोणाच्याच दिनदर्शिकेत नाही. ती गावाची, विशेषतः नगरपालिकेची तारीख आहे आणि तिची आठवण ठेवण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही. ४ ऑगस्ट २०२७ रोजी महाड नगरपरिषदेने सर्वसाधारण सभा बोलवावी, १९२४ आणि १९२७ चे दोन्ही ठराव सूचक-अनुमोदकांसह मोठ्याने वाचावेत, आणि आपण ते वाचले याची नोंद त्या दिवसाच्या इतिवृत्तात करावी, अशी आमची सूचना आहे. अनुमोदन कोण देते ते पाहावयाचे.